हॅलियर्ड तारेचं की दोराचं? आधी माथ्यावरची कप्पी मोजा

शीड डोलकाठीवर चढवायचं आणि तिथे ताणून धरायचं, हे काम हॅलियर्डचं. १९७० आणि १९८० च्या दशकांत ब्रिटन-अमेरिकेत बांधलेल्या २५ ते ३५ फुटी फायबरग्लासच्या बोटी आजही जुन्या बाजारात भरपूर मिळतात. त्यांतल्या पुष्कळांवर हॅलियर्ड दोन तुकड्यांचं असतं. शिडाकडची बाजू स्टेनलेस स्टीलची तार, हातात धरायची बाजू पॉलिएस्टरचा दोर, आणि मध्ये दोघांचा सांधा. तार झिजली की मालकापुढे प्रश्न उभा राहतो: पुन्हा तसंच बसवायचं, की सगळं दोराचंच करून टाकायचं?

बहुतेक बोटींसाठी उत्तर दोर हेच आहे. पण कुठला दोर आणि तो कशावरून फिरणार, हे ठरल्याशिवाय जुनी तार काढू नका. महागातला दोर आणून तो तारेच्या कप्पीवरून फिरवला, तर एका मोसमात त्याचं वरचं आवरण फाटून गाभा उघडा पडतो, आणि दोष दोराच्या माथी येतो.

तार मुळात आली कशाला

ताण पडला की दोर लांबतो. हॅलियर्ड लांबलं की शिडाची पुढची कड, म्हणजे लफ, सैल पडते. तिथे आडव्या सुरकुत्या दिसू लागतात आणि शिडाचा फुगवटा मागे सरकतो. वारा वाढल्यावर हवं असतं ते नेमकं याच्या उलट: फुगवटा पुढे आणि शीड चपटं. फुगवटा मागे गेला की बोट जास्त कलते, सुकाणू हाताला जड लागतं आणि वाऱ्याच्या तोंडावर चढणं कमी होतं.

३० फुटी बोट धरा. डोलकाठी डेकपासून १२ मीटर. हॅलियर्ड माथ्यावरून खाली येऊन डेकवरून ३ मीटर मागे कॉकपिटजवळच्या क्लचपर्यंत, म्हणजे दोर चिमटीत धरून ठेवणाऱ्या खटक्यापर्यंत, जातं. शीड पूर्ण चढलेलं असताना ताणाखाली साधारण १५ मीटर लांबी येते. ताण २२० किलो मानू. १० मिमी जाडीचा साधा दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर एवढ्या ताणाला सुमारे २ टक्के लांबतो, म्हणजे ३० सेंटिमीटर. ४ मिमीची लवचीक तार सुमारे ०.४ टक्के, म्हणजे ६ सेंटिमीटर. डायनिमा या फार कमी लांबणाऱ्या कृत्रिम तंतूचा गाभा असलेला १० मिमी दोरही तारेच्याच आसपास राहतो.

ही सुरुवातीची लांबी विंचवर, म्हणजे हँडलने फिरवायच्या ढोलावर, ओढून काढून टाकता येते, तिचं फारसं काही नाही. त्रास होतो तो सोसाटा आल्यावर. ताण २२० वरून ३०० किलोवर गेला की पॉलिएस्टर आणखी दहाएक सेंटिमीटर सोडतो, तार जेमतेम दोन. हातात फक्त पॉलिएस्टर होता तोवर तार वापरणं हा शहाणपणाचाच निर्णय होता. नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीने १९९० मध्ये डायनिमाचं व्यापारी उत्पादन सुरू केलं आणि तारेची ही मुख्य जमेची बाजू हळूहळू संपली.

उलट बाजूही सांगायला हवी. शिडं साध्या डॅक्रॉनची (पॉलिएस्टरच्या कापडाची), चार-पाच मोसम वापरलेली, आणि शर्यतीचा विचार नाही, तर चांगला पॉलिएस्टर पुरतो. अशा शिडाचं कापडच हॅलियर्डइतकं ताणतं. २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’वरून लढले. त्या शर्यतीत स्पेक्ट्रा, केव्हलार अशा आधुनिक तंतूंना बंदीच होती. जुन्या पद्धतीच्या सामानावरही पृथ्वीप्रदक्षिणेला निघता येतं. आठवड्याला चार तास बंदराबाहेर जाणाऱ्याने लांबण्याची धास्ती घेण्याचं कारण नाही.

तारेत काय बिघडतं

हॅलियर्डची तार ७×१९ बांधणीची असते: प्रत्येकी १९ बारीक तारांचे सात पेड, एकूण १३३ तारा. म्हणून ती कप्पीवर वळू शकते. डोलकाठीला आधार देणाऱ्या शेजारच्या तारा १×१९ बांधणीच्या असतात. त्या ताठ असतात आणि कप्पीवर वळवल्या की लवकर तुटतात. दुकानदाराने ‘तीच जाडी, जास्त मजबूत’ म्हणून १×१९ पुढे केली तर घेऊ नका.

४ मिमीच्या ७×१९ तारेतली एकेक तार पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असते. शीड चढलेलं असताना दर वेळी तारेचा तोच तुकडा कप्पीवर येतो आणि बोट हलेल तसा तिथेच वाकत राहतो. त्या जागी एकेक बारीक तार तुटते आणि तारेला कुसळं फुटतात. ती हातात शिरतात, शीड फाडतात. तपासायला उघडा हात फिरवू नका. सुती चिंधी किंवा कापसाचा बोळा तार धरून ओढत न्या; जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे. एक जरी सापडलं तरी ती तार बदलायची. ते टोक कापून बाकीची वापरू असा विचार करू नका, कारण शेजारच्या तारांनीही तेवढेच वाक सोसलेले असतात.

तारेच्या टोकाचा फास दाबलेल्या नळीने पक्का केलेला असतो. स्टेनलेस तारेवर ती नळी तांब्याची हवी. ॲल्युमिनियमची नळी खाऱ्या पाण्यात स्टेनलेसशी लागून आतून कुरतडली जाते, बाहेरून मात्र बराच काळ ठीक दिसते. नळीच्या तोंडाशी तांबूस ओघळ दिसला तर आत पाणी साचून गंज धरलाय असं समजा.

तार आणि दोर यांच्या सांध्याची जागा फार महत्त्वाची असते, आणि तिकडेच दुर्लक्ष होतं. शीड पूर्ण वर असताना तारेचे तीन-चार वेढे विंचवर यायला हवेत आणि सांधा त्यापलीकडे, म्हणजे ताण तारेवरच राहतो. आता शीड रीफ करा, म्हणजे वारा वाढला म्हणून थोडं उतरवून लहान करा. शिडाचा माथा दोन मीटर खाली आला, की हॅलियर्डची दुसरी बाजू दोन मीटर वर सरकते. तार विंच सोडून डोलकाठीवर चढते आणि विंचवर उरतो पॉलिएस्टरचा शेपटा. म्हणजे वारा वाढून रीफ घेतलेलं असताना, लांबणं सगळ्यांत कमी हवं तेव्हाच, लांबणारा तुकडा कामाला लागतो. शिवाय सगळा भार सांध्यावर. दोन तुकड्यांच्या हॅलियर्डचा हा अंगभूत दोष आहे. सांधा कितीही सुबक केला तरी जात नाही.

क्लचमध्ये तार धरता येत नाही, तीही अडचण आहे. तारेने ॲल्युमिनियमच्या विंचच्या ढोलावर चर पाडलेले असतात, डोलकाठीच्या भोकांच्या कडा धारदार केलेल्या असतात. आणि काही जुन्या बोटींवर पूर्ण तारेचं हॅलियर्ड ब्रेक असलेल्या रिळाच्या विंचवर गुंडाळलेलं असतं. शिडाचा ताण असताना त्या विंचचा ब्रेक सुटला तर हँडल गरगर फिरतं आणि मनगट मोडतं. असा विंच बोटीवर असेल तर बाकी काही बदला न बदला, तो आधी काढा. चालू स्थितीत असेपर्यंत ब्रेक सैल करण्यापूर्वी हँडल काढलेलंच हवं.

वजनाचा फायदा मात्र उगाच वाढवून सांगितला जातो. १५ मीटरची ४ मिमी तार एक किलोच्या जरा आत भरते. १० मिमीचा पॉलिएस्टर तेवढ्याच लांबीला किलोच्या थोडा वर. डायनिमा गाभ्याचा ८ मिमी दोर घेतला तरच काही वाचतं.

तार ठेवावी अशाही जागा आहेत. ४२०, ४७० किंवा मुंबई-पुण्याकडे दिसणारी एंटरप्राइज अशा डिंगींवर, म्हणजे छोट्या उघड्या बोटींवर, जिबचं (पुढच्या शिडाचं) हॅलियर्ड तारेचं असतं आणि त्याचा फास दात्यांच्या पट्टीवर किंवा तरफेवर अडकवतात. त्या ताणावर सगळा डोलाराच ताठ राहतो, क्लच नसतोच, आणि २.५–३ मिमीची तार तिथे स्वस्तात चोख काम करते. तसंच शीड पुढच्या तारेभोवती गुंडाळणाऱ्या फर्लरवरचं जेनोआ (मोठं जिब) मोसमभर वरच राहत असेल, तार निरोगी असेल आणि कोणी ती हाताळत नसेल, तर ती बदलायची घाई नको.

दोर कुठला घ्यावा

कोळी बंदरांवरच्या दुकानांत मिळणारे दोर बहुतेक नायलॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. नायलॉन नांगराला उत्तम, कारण तो ताणतो. हॅलियर्डला त्याच कारणासाठी बाद. पॉलिप्रॉपिलीन आपल्या उन्हात लवकर भुरभुरीत होतो. दोन्ही नकोत.

उरतात दोन पर्याय. पहिला, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर, शक्यतो कमी लांबणारा आणि आधीच ताणून घेतलेला. दुसरा, आत डायनिमाचा गाभा आणि बाहेर पॉलिएस्टरचं आवरण. मुख्य शिडाला आणि जिबला दुसरा घ्या, स्पिनेकरला (फुग्यासारख्या हलक्या शिडाला) पहिला पुरतो. तिथे थोडी लवचीकता धक्का पचवते.

डायनिमाची एक खोड आहे. ताण सतत राहिला तर तो अगदी हळूहळू कायमचा लांबत जातो. ताण काढल्यावर ही वाढ परत जात नाही, आणि उष्णतेत ती वाढते. एसके७५ या प्रतीत हे जास्त, एसके७८ मध्ये कमी, डीएम२० मध्ये जवळजवळ नाही. रोज शीड उतरवणाऱ्याला याने फरक पडत नाही. महिनोन् महिने वर राहणाऱ्या फर्लरच्या शिडाला एसके७८ किंवा त्याहून वरची प्रत घ्या. गाभा डायनिमाचा आहे एवढ्यावर न थांबता प्रत विचारा.

जाडी मजबुतीवर ठरवू नका. ४ मिमी तार साधारण ९०० किलोला तुटते आणि १० मिमीचा साधा पॉलिएस्टरही दोन टनांच्या वर जातो. मजबुती गरजेपेक्षा जास्तच आहे. जाडी ठरते क्लचवर आणि हातावर. क्लचवर ८–१० किंवा ८–१२ मिमी अशी मर्यादा लिहिलेली असते. खालच्या टोकाचा दोर तिथे घसरतो, म्हणून मर्यादेच्या मधला किंवा वरचा आकडा धरा. २६ फुटांपर्यंत ८ मिमी, ३० ते ३५ फुटांना १० मिमी. ६ मिमी दोर ताकदीला पुरेल, पण ओल्या हाताने ओढून बघा.

लांबी जुन्या हॅलियर्डवरून मोजा. तेच हाती नसेल, तर डोलकाठीच्या उंचीची दुप्पट, त्यात डेकवरून क्लचपर्यंतचं अंतर आणि विंचवर घ्यायला दोन-तीन मीटर. वरच्या उदाहरणात २४ + ३ + ३, म्हणजे ३० मीटर. त्यावर एक मीटर जास्त घ्या. ते पुढे उपयोगी पडतं.

कप्पी: खरा निर्णय इथे

तारेच्या कप्पीची खाच अरुंद आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. दोराच्या कप्पीची खाच रुंद, तळाला गोल. तिसरी जात जोडखाचेची: वर दोरासाठी रुंद, तळाशी तारेसाठी बारीक चर. या तिसऱ्या जातीवर दोर चालतो, पण तळातल्या चराच्या कडा तारेने तीक्ष्ण केलेल्या नाहीत ना, ते बोटाने बघा.

माथ्यावर जाऊन किंवा डोलकाठी खाली उतरवलेली असताना या तीन गोष्टी बघा.

खाचेची रुंदी दोराच्या जाडीपेक्षा साधारण दहा टक्के जास्त हवी, म्हणजे १० मिमी दोराला ११ मिमी. अरुंद खाचेत दोर तळाला टेकत नाही, दोन्ही कडांवर चिमटला जातो. तिथे आवरण कापलं जातं आणि गाभ्यावरून सरकून त्याचा गठ्ठा होतो.

व्यास. तारेला तिच्या जाडीच्या किमान वीसपट व्यास लागतो, म्हणजे ४ मिमीला ८० मिमी. दोराला सहा ते आठपट पुरतो. तारेकडून दोराकडे येताना व्यासाची अडचण सहसा येत नाही. उलट्या दिशेने, दोराच्या छोट्या कप्पीवर तार चढवणाऱ्याची तार मात्र फार टिकणार नाही.

कप्पी आणि तिच्या पेटीच्या भिंतीमधली फट. दोन्ही बाजूंना एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको. फट मोठी असेल तर सैल पडलेला दोर उडी मारून कप्पीच्या बाजूला शिरतो आणि तिथे पाचर बसते. मग शीड ना वर जातं ना खाली. रात्री, वाढत्या वाऱ्यात खाली न येणारं शीड हा या सगळ्या कामातला सगळ्यांत वाईट प्रसंग, आणि तो केवळ एका जाड वॉशरने टळतो.

नवी कप्पी घ्यायची झाली तर जुनी सोबत न्या: बाहेरचा व्यास, जाडी आणि मधल्या खिळ्याचा व्यास हे तीन आकडे जुळायला हवेत. अॅसिटल किंवा ॲल्युमिनियमची चालेल. साध्या नायलॉनची करून घेऊ नका. नायलॉन पाणी शोषून फुगतो आणि खिळ्यावर आवळून बसतो. खिळा झिजून त्यावर पायरी पडली असेल तर तोही बदला.

बदलण्याचं काम

वर जायचं असेल तर दोन हॅलियर्डांवर जा, एकावर बसून आणि दुसरं सुरक्षेला. ज्याच्याबद्दल शंका आहे आणि जे बदलायचंय, त्यावर कधीही नाही. तार-दोराच्या सांध्यावर माणसाचं वजन टाकू नका. बसायच्या खुर्चीला झटपट उघडणारं शॅकल (जोडकडी) न लावता दोराचीच बोलाइन गाठ मारा.

१. जुन्या हॅलियर्डच्या दोराकडच्या टोकाला ३ मिमीची ओढदोरी जोडा. टोकाला टोक भिडवून जाड दाभणदोऱ्याने आठ-दहा टाके घाला, वरून पातळ चिकटपट्टीचा एकच पदर गुंडाळा. गाठ मारू नका. ती डोलकाठीच्या तोंडाशी अडकते. ओढदोरी हॅलियर्डइतकी लांब हवी, आणि तिचं मोकळं टोक आधीच कुठेतरी बांधून ठेवा.

२. शिडाकडच्या टोकाने तार हळूहळू खाली ओढा. हातमोजे घालूनच. मध्येच अडली तर जोर लावू नका. थोडी मागे घेऊन पुन्हा ओढा. डोलकाठीच्या आत दुसऱ्या हॅलियर्डला पीळ पडलेला असू शकतो.

३. ओढदोरी जागेवर आली की कप्पीचं काम उरका. डोलकाठीतून दोर बाहेर पडतो त्या भोकांच्या कडा बारीक कानसीने गोल करून २४० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. विंचच्या ढोलावरही हात फिरवा. तारेचे खोल चर असतील तर तो ढोल नव्या दोराला कानसासारखाच लागेल.

४. नवा दोर त्याच पद्धतीने ओढदोरीला शिवून आत घ्या. एकाने खालून ओढायचं, दुसऱ्याने दोर सरळ पुरवायचा, वेटोळ्यातून थेट नाही. नाहीतर पीळ आत जातो.

५. शेपटाच्या टोकाला आठाची गाठ मारा. ती राहिली आणि टोक डोलकाठीत शिरलं तर दिवसभराची बेगमी झाली.

शॅकल बसवायला स्प्लाइस, म्हणजे दोराचं टोक दोरातच गुंफून केलेला फास, सगळ्यांत चांगला. गाठीने दोराची ताकद पुष्कळ कमी होते, बोलाइनने साधारण चाळीस टक्के; चांगला स्प्लाइस नव्वद टक्क्यांपर्यंत राखतो. नुसत्या डायनिमाच्या एकपदरी दोराचा स्प्लाइस करताना टोक दोराच्या जाडीच्या ७२ पट आत पुरतात: ६ मिमीला ४३ सेंटिमीटर. टोक निमुळतं करून घ्यावं आणि शेवटी टाके घालून अडकवावं. डायनिमा इतका गुळगुळीत असतो की ताण नसताना टाक्यांशिवाय स्प्लाइस सरकून निघतो. आवरण असलेल्या दोराचा स्प्लाइस वेगळ्या रीतीने होतो, तो दोर बनवणाऱ्याच्या सूचनांप्रमाणेच करा.

गाठ मारायचीच असेल तर उंची बघा. १० मिमी दोराची बोलाइन शॅकलच्या वर दहा-बारा सेंटिमीटर जागा खाते. शीड पूर्ण चढण्याआधीच गाठ कप्पीला भिडली तर लफ कधीच नीट ताणली जाणार नाही, आणि विंच फिरवत राहिलात तर कप्पी फुटेल. ‘हॅलियर्ड हिच’ नावाची गाठ आखूड बसते, ती शिकून घ्या.

पहिल्यांदा शीड चढवाल ते धक्क्याला, हलक्या वाऱ्यात. पूर्ण वर गेल्यावर क्लचच्या तोंडाशी दोरावर दोऱ्याने खूण शिवा, रीफसाठी दुसरी. तासाभराने बघा: खूण सरकली असेल तर क्लच घसरतोय. डायनिमा गाभ्याच्या दोरात काही वेळा आवरण जागेवर राहतं आणि गाभा आतून सरकतो. क्लचच्या पुढे आवरणाची चोळी झालेली दिसली की हेच समजा, आणि शेपटाकडे आवरण-गाभा एकत्र शिवून टाका.

पुढची देखभाल

दोरही कप्पीवर एकाच जागी झिजतो. म्हणून वर्षातून एकदा शॅकलकडचं टोक ३० सेंटिमीटर कापून नवा स्प्लाइस करा. जास्तीचा एक मीटर याच कामाला. तीन वर्षांनी टोकं उलटीपालटी केली की दोराचं आयुष्य वाढतं.

फर्लरच्या जिबचं हॅलियर्ड पुढच्या तारेशी समांतर जात असेल तर शीड गुंडाळताना ते तारेभोवती वेढलं जातं. फर्लर अडला की विंच लावून ओढू नका; आतली तार तुटते, मग डोलकाठीच पडू शकते. हॅलियर्ड आणि पुढची तार यांत सात ते दहा अंशांचा कोन हवा. तो मिळत नसेल तर डोलकाठीच्या पुढच्या बाजूला हॅलियर्ड मागे खेचून धरणारी छोटी कडी बसवतात.

मुंबई-गोव्याकडे जूनमध्ये बोट वर काढताना सगळी हॅलियर्डं ओढदोरीवर उतरवून घ्या. गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, सैल वेटोळं करून हवेशीर जागी टांगा. पावसाळाभर डोलकाठीत फक्त ३ मिमीची दोरी राहू द्या. शॅकलही काढून धुवा, कारण त्याच्या स्क्रूमधलं मीठ चार महिन्यांत असं धरतं की ऑक्टोबरमध्ये पकड घेऊन बसावं लागतं.